कशालाकाकांचा किलो

बाजारातले लोक एकमेकांना नावं ठेवतात, ती दोन्ही अर्थांनी. दुकानदारांचे काटे दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळे ‘कशालाकाका’ म्हणत, कारण सरकारचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच बाहेर पडे. न्हाव्याला परवाना कशाला? केस वाईट कापले तर आरसा समोरच असतो की! चौकात कारंजं कशाला? ते आजवर दोनदाच उडालं, एकदा उद्घाटनाला आणि एकदा नळ फुटला तेव्हा. त्यासाठीचा कर मात्र अख्खा बाजार निमूटपणे भरतोय.

लोक हसत, पण एक गोष्ट काकांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. सरकारच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बहुतेकांना फक्त बोटं मोडायची असतात. काकांना उत्तर हवं असे. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी एकदा विचारलं, “मग तुम्ही ज्या रस्त्याने रोज दुकानात येता तो कोणी बांधला, काका?” तिसऱ्या दिवशी काका बाईंच्या दारात उभे राहून म्हणाले, “रस्त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कारंज्याचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.” एवढं सांगून ते निघून गेले.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. बरण्यांमधून स्प्रिंगा, खिळ्याला टांगलेली पारडी, आणि कपाटात हिरवं कापड लावलेली लाकडी पेटी. पेटीत काकांची पितळी वजनं. बाजारातला प्रत्येक काटा या वजनांशी ताडून लावलेला. त्यातल्या किलोवर त्यांचा विशेष जीव. दर रविवारी राख आणि लिंबू घेऊन बसायचं आणि तो घासून घासून असा लखलखीत करायचा की त्यात स्वतःची मिशी दिसावी. वर कोरलेला ‘१’ पुसट होत चालला होता. कोणी दाखवलंच तर काका म्हणत, “एकोणीस वर्षांची सेवा आहे ती.”

नियम असा होता की दुरुस्ती करणाऱ्याने आपली वजनं दर दोन वर्षांनी वजनमाप खात्याच्या ऑफिसात नेऊन तपासून आणायची. काका पहिल्यांदा गेले. पुढच्या खेपेपासून वजनांऐवजी त्यांचं पत्र जाऊ लागलं. ‘माझं वजन खोटं असेल तर गिऱ्हाईक माल शेजारच्या दुकानात जोखून बघेल. लबाडी पकडायला शेजारचं दुकान पुरेसं आहे. खोटा ठरलो तर लोक माझ्याकडे फिरकणार नाहीत. याहून मोठी शिक्षा तुमच्या खात्याकडे आहे का?’ खात्याने पत्र फाइलला लावलं. दुसरं आलं, तेही लावलं. एकानेही उठून येऊन विचारलं नाही, की बाबा रे, दाखव तरी तुझा किलो. काकांचा आणखी एक अर्ज त्याच फाइलमध्ये होता. दुरुस्तीचा परवाना खात्याने अख्ख्या बाजारात एकालाच दिला होता, तो आणखी चारजणांना द्यावा, असा तो अर्ज. स्वतःला प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून सरकारदरबारी खेटे घालणारा माणूस तुम्ही दुसरा पाहिला असेल तर सांगा.

काकांच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, त्याच बाजारात किराणा दुकान. एके दिवशी सकाळी ती हसत सांगायला आली. “अरे, साखर आता गिरणीतून किलो-किलोच्या बंद पुड्यांतून येते. काट्यावर टाकली तर प्रत्येक पुडा सात ग्रॅम जास्त! गिरणीवाला देवमाणूस दिसतोय.”

“पिशवीचं वजन धरलंस का?”

“एक पिशवी रिकामी करून जोखली. मला काय दुधखुळी समजतोस?”

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आयुष्यभर ते एकच सांगत आले होते, की बाजारात कोणी कोणाला फुकट काही देत नाही, आणि त्यात वाईटही काही नाही. मग हा गिरणीवाला हजारो पुड्यांत सात-सात ग्रॅम कशाला वाटतोय? ते ताईच्या मागोमाग तिच्या दुकानात गेले. मिठाचा पुडा जोखला, सात ग्रॅम जास्त. तिसऱ्याच गावच्या कारखान्याचा पिठाचा पुडा जोखला. तोही सातच.

“एक उदार असेल, ताई. तिघंही उदार, आणि तेही सारखेच?” काका हळूच म्हणाले. मग शेजारच्या दुकानात जोखलं, त्याच्याही शेजारच्या दुकानात जोखलं. सगळे काटे एकच सांगत होते. सांगणारच. सगळे एकाच किलोवर लावलेले, एकमेकांची साक्ष काढत उभे. शेजारचं दुकान पुरेसं आहे, असं पत्रात लिहिणाऱ्या माणसाने दुकानात परतून कपाटातली पेटी बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी काका पेटी घेऊन दारात हजर होते. तपासणी करणाऱ्या बाईंनी हातमोजे चढवले, चिमट्याने किलो उचलून काचेच्या खोक्यातल्या तराजूत ठेवला आणि आकडा वाचला.

“नऊशे त्र्याण्णव,” त्या म्हणाल्या. “काका, हे घासता कशाने?”

“राखेने. दर रविवारी. एकही रविवार चुकवलेला नाही.”

“तीच तर चूक. जरा जरा करत किलोतले सात ग्रॅम मोरीत वाहून गेले.” बाईंनी आपलं कपाट उघडून दाखवलं. त्यातली सरकारी वजनं काळपट, कळाहीन, बघवत नव्हती. “आम्ही यांना हातसुद्धा लावत नाही.”

लाज वाटली तरी काका ते काकाच. त्यांनी विचारलं, “तुमचं वजन कोण तपासतं?”

“राजधानीतली प्रयोगशाळा.”

“आणि त्यांचं?”

“तेही बाहेर ताडून बघतात. सगळे देश मिळून काय ते ठरवतात.”

“म्हणजे शेवटी सगळं एकमेकांच्या शब्दावरच.”

“शब्दावरच,” बाई म्हणाल्या, “पण कोणीच आपला शब्द आपणच तपासत नाही.” मग त्यांनी किलोच्या पोटातल्या खोबणीत शिसं भरून तो पुरा केला, नोटीस येईल असं सांगितलं, आणि काकांची जुनी पत्रं आपण वाचल्याचंही कबूल केलं. “आम्हीही यायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. काकांना ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. “अहो, तुम्ही दरवर्षी काटे बघायला जाताच ना? या वर्षीही जा. आता पुऱ्या झालेल्या किलोवर गुपचूप लावून टाका. कोणाला कळणार आहे?”

कोणालाच कळणार नव्हतं. काकांनी ते मनातल्या मनात चारदा तपासून पाहिलं. नाव शाबूत राहिलं असतं, दुकान चाललं असतं. काकांना तो मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. जेवण समोर थंड होईपर्यंत झाला. मग ते म्हणाले, “मी म्हणत आलो, गिऱ्हाईक ठरवेल. पण त्याला कळलंच नाही तर ते काय डोंबल ठरवणार?”

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली पाटी लागली. ‘माझा किलो सात ग्रॅम कमी होता. किती वर्षं, ते मला माहीत नाही. तुमचे काटे चुकलेले आहेत. घेऊन या, लावून देतो.’

पहिली आली ती ताई. पाटी तिने दोनदा वाचली. तिचे डोळे भरले होते. “लोकांच्या डोळ्याला डोळा भिडवून मी कमी माल दिला रे. लेकुरवाळ्या बायकांना, म्हाताऱ्यांना. आणि तुला दोन वर्षांतून एकदा बस धरून जायला जड झालं?”

काकांनी बसायला बाक पुढे सरकवला.

“तूच म्हणायचास ना, खोटा ठरला की लोकांनी निघून जायचं, हीच खरी शिक्षा? मग मी निघाले.” तिने आपला काटा कापडात बांधला आणि पुलापलीकडच्या गावातल्या मिस्त्रीकडे नेला. तिच्यामागून जवळजवळ अख्खा बाजार गेला. न्हावी तेवढा येऊन बसला, पण त्याच्याकडे काटाच नव्हता.

“तुमचंच म्हणणं खरं ठरलं की, काका,” तो म्हणाला.

“अगदी पुरेपूर,” काका म्हणाले, आणि रिकाम्या बाकाकडे बघून त्यांना हसूही आलं. सख्खी बहीण गेल्याचं दुःख मात्र कुठल्याच म्हणण्यात बसत नव्हतं. किलो आता पेटीत न घासता पडून होता, दर रविवारी थोडा अधिक काळा.

महिन्याभराने ताई आली. कापडात बांधलेला काटा तिने बाकावर आपटला.

“काय झालं? नीट नाही लावला त्याने?”

“लावला की. सुबक लावला. मग मी विचारलं, तुमचं वजन शेवटचं कधी तपासून आणलंत?” ताई बाकाच्या टोकाला टेकली. “आधी कधी कोणाला विचारलं नव्हतं मी. तुलासुद्धा नाही.”

“मग? काय म्हणाला?”

“मान वर न करता म्हणाला, ‘कशाला?’”

काकांनी खाली पाहिलं. मग खुंटीवरचे हातमोजे काढून चढवले, आणि पेटी उघडून किलो बाहेर काढला.