न दाखवायचं कार्ड

निवृत्तीला काही वर्षं झाली, तरी सुरतच्या डिंडोली पोलीस ठाण्यातलं ते प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. नवागामला लूमवर काम करणारी एक खानदेशी बाई थेट माझ्या टेबलापाशी आली. "साहेब, मनी पोर परदेशमा शे. कालपाईन पोट धरीसन पडेल शे, पन दवाखानामा जात नही."

पोरगी तिकडे वृद्धाश्रमात कामाला होती. इथल्या एजंटाने तिला आरोग्य विम्याचं चकचकीत कार्ड विकलं होतं आणि बजावलं होतं, "हे फक्त विमानतळावर दाखवायचं. दवाखान्यात दाखवलंस तर परत पाठवतील." म्हणून ती कळा सोसत पडली होती. आईच्या मोबाइलमध्ये त्या कार्डाचा फोटो होता. त्यावरचा नंबर लावला, तर तसा नंबर अस्तित्वातच नव्हता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

एजंटाला उचलून आणलं. "कार्ड असली आहे साहेब," एवढंच तो घोकत राहिला. दम देण्यापेक्षा चहा पाजलेला बरा, असा माझा अनुभव. चहा मागवला आणि त्याच्या मुलाची चौकशी केली. तो त्याच देशात होता. गडी खुलला.

"मागे त्याचा पाय मोडला साहेब. सगळा इलाज झाला, खिशातून काही गेलं नाही."

"तुझंच कार्ड दाखवलं असेल त्याने?"

"छे. तिथे कामाला लागलं की पगारातूनच विमा कापतात, सगळ्यांचाच..." आणि आपण काय बोलून बसलो हे कळून त्याने जीभ चावली.

जबाब नंतर लिहिला. आधी बाईला पोरीला फोन लावायला सांगितलं. "जाय बेटा, दवाखानामा जाय. तुना इमा शे," असं त्या माउलीने तिला सांगितलं. पोरीचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पगारातली ती कपात कराची आहे, असं ती समजत होती.

एजंटावर गुन्हा दाखल झाला. त्या बाईकडून दर उन्हाळ्यात माझ्या घरी ज्वारीच्या बिबड्या, त्यांच्याकडचे पापड, येतात. यंदा त्या घेऊन पोरगीच आली, रजेवर होती. बोलता बोलता म्हणाली, "साहेब, मरायची भीती नव्हती वाटत. परत पाठवतील याचीच वाटत होती."

परक्या मुलखात गेलेल्या माणसाला कसली भीती वाटते, हे तिने मला एका वाक्यात शिकवलं. आता ओळखीचं कुणी परदेशी निघालं की तिकिटाचं नंतर विचारतो. आधी विचारतो, "आजारी पडलास तर तिकडे कुठे जायचं, ठाऊक आहे ना?"