एका डोळ्याने पास केलेली दुर्बीण

दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली आणि मला गरगरल्यासारखं झालं. मी दुकानाच्या गच्चीवर उभा होतो. समोर एमआयडीसीतल्या रोलिंग मिलची चिमणी होती. काळपट चिमणी आणि पांढरं आभाळ जिथे भिडतात तिथे जांभळी-हिरवी किनार दिसते का, ते पाहत होतो. किनार ठळक दिसली तर भिंगं हलकी समजायची. धूर सरेना, म्हणून दुर्बीण दोन्ही डोळ्यांना लावून दहा मिनिटं तसाच थांबलो. किनार नव्हती. भिंगं चांगली होती. पण कपाळात कुणीतरी दोरी ओढत असल्यासारखं वाटत होतं.

ही दुर्बीण कावेरीताईंची. "डोकं दुखतं" असं सांगत त्या माझ्याकडे आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना परत पाठवलं होतं.

जालन्यात माझं ऑप्टिकल उपकरणं दुरुस्तीचं दुकान आहे. सर्व्हेवाल्यांच्या लेव्हल, थिओडोलाइट, बियाणे कंपन्यांच्या लॅबमधले मायक्रोस्कोप, हेच काम मी सव्वीस वर्षं करतोय. दोन वर्षांपूर्वी अंबादास सर दुकानात आले. ते भोकरदन तालुक्यात शिक्षक आहेत आणि तिकडच्या तलावांवरचे पक्षी मोजणारा एक गट चालवतात. गटासाठी त्यांनी दहा दुर्बिणी मागवल्या होत्या, सगळ्या आठ बाय बेचाळीसच्या. आठ म्हणजे पक्षी आठ पट जवळ दिसणार. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलीमीटरमध्ये. चेकिंगचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं.

मी ते मनापासून केलं. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं. ते हिरवट-जांभळं दिसलं, म्हणजे कोटिंग होतं. पांढरं दिसलं असतं तर बराचसा प्रकाश बाहेरच परतला असता. मग दुर्बीण हातभर लांब, आभाळाकडे धरली. डोळ्याकडच्या भिंगांत प्रकाशाच्या दोन टिकल्या दिसल्या, छान गोल. त्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसल्या तर आतलं प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारा काचेचा ठोकळा, हलक्या काचेचा असतो. शेवटी उजवा डोळा मिटून डाव्या नळीतून पाहिलं. मग डावा मिटून उजव्या नळीतून. दोन्हीकडे चित्र स्वच्छ होतं. दहाच्या दहा पास. खाली सही.

कावेरीताई पिंपळगाव रेणुकाईच्या. घरची शेती करतात. तलावाच्या पलीकडच्या काठावरचे पक्षी मोजायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण एवढ्या लांबचं दुसऱ्या कुणाला खात्रीने ओळखता येत नव्हतं. नवी दुर्बीण मिळाल्यावर महिनाभरात त्या दुकानात आल्या. थोडा वेळ पाहिलं की डोकं ठणकतं, म्हणाल्या. मी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि सांगितलं, "ताई, दुर्बीण बराबर आहे. तुम्ही डोळे दाखवून घ्या."

त्यांनी डोळे दाखवले, चष्माही घेतला. डोकं दुखायचं थांबलं नाही. एका मोजणीत त्यांचा आकडा साफ चुकला, लोक हसले. त्यांनी दुर्बीण सरांना परत दिली आणि गटात येणं सोडलं. तीच दुर्बीण पुसून नव्या माणसाला द्यायची म्हणून सरांनी, मी गच्चीवर गेलो त्याच दिवशी, माझ्याकडे टाकली होती. हे सगळं मला सरांच्याच तोंडून कळलं.

गच्चीवर मी खाली बसलो आणि विचार केला. माझे डोळे दोन चित्रं ओढून एक करत असतील तर त्यांना ती संधीच द्यायची नाही. दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर लांब धरली आणि मिलकडे जाणारी विजेची आडवी तार पाहिली. तार सलग दिसायला हवी होती. ती तुटलेली दिसली. डाव्या गोलात वर, उजव्या गोलात खाली.

दोन्ही नळ्या एका दिशेला पाहत नव्हत्या. डोळे आत-बाहेर वळू शकतात. पण एक वर आणि एक खाली, हे त्यांना फार वेळ जमत नाही. ते ओढाताण करतात आणि डोकं दुखतं. एकेक डोळा मिटून पाहिलं तर हा दोष दिसणारच नाही. लेव्हल, थिओडोलाइट, जुने मायक्रोस्कोप, ही सगळी एका डोळ्याने पाहायची यंत्रं. त्याच सवयीने मी दुर्बिणीलाही जोडीने बांधलेल्या दोन नळ्या समजलो होतो.

सरांना फोन केला. बाकीच्या नऊही परत पाठवा म्हणालो.

"तुम्हीच पास केल्त्या ना?"

"मीच."

"अन् ताईला डोळे दाखवा म्हणून..."

"तेही मीच."

सर म्हणाले, "हे ताईला तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मी न्हाई सांगणार."

दुसऱ्या दिवशी पिंपळगावला गेलो. ताई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. सूप न थांबवता त्यांनी ऐकलं.

"म्हणजे दादा, दुर्बीण पास केली अन् माझे डोळे नापास."

ते मी कबूल केलं. दुरुस्त करून देतो, येत्या मोजणीला एकदा या, अशी विनंती केली. त्या नको म्हणाल्या. पुन्हा आकडा चुकला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, चुकला तर माझी चूक मी सगळ्यांसमोर सांगेन.

"मंग आधी सांगा," ताई म्हणाल्या. "मी पाह्यच्या आधी. नंतर सांगाल तर लोक म्हणतील, बाईला झाकून घेऊन राह्यले."

उरलेल्या नऊ दुर्बिणी आल्या. ताईंची धरून तीन वाकड्या निघाल्या. एक तर सरांची स्वतःची. त्यांना कधी त्रास झाला नव्हता, कारण ते पाहताना डावा डोळा मिटतात. मी हसलो नाही. हसायचा अधिकार मला नव्हता. दुर्बिणीवरचं रबर उचललं की खाली बारीक स्क्रू असतात, ते प्रिझमला किंचित कलवतात. केसभर फिरवायचं, गच्चीवर जाऊन तार पाहायची, परत खाली यायचं. तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. मग प्रत्येक दुर्बीण दोन्ही डोळ्यांना, घड्याळ लावून, पंधरा मिनिटं.

मोजणीच्या सकाळी तलावाच्या बांधावर पंधरा-सोळा माणसं जमली होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं की ताईंचे डोळे चांगलेच होते, दुर्बीण वाकडी होती, आणि ती चांगली आहे असं लिहून देणारा मी. ताईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि दुर्बीण लावली.

पलीकडे पाण्यात वाळलेल्या बाभळीवर एक काळा पक्षी पंख पसरून बसला होता. सरांनी पाणकावळा लिहायला सांगितलं.

"थांबा सर," ताई म्हणाल्या. "तिरंदाज आहे. चोच पाहा, टोकाला वाकलेली न्हाई. सुईवानी सरळ आहे."

सरांनी पुन्हा पाहिलं. इतरांनीही पाहिलं. पक्ष्याने पंख मिटले आणि सापासारखी लांब मान वर काढली. सरांनी वहीतली नोंद खोडली आणि स्वतःच्या हाताने तिरंदाज लिहिलं. बांधावर टाळ्या वाजल्या. ताई तिकडे वळल्यासुद्धा नाहीत. पलीकडचा अख्खा काठ त्यांनी दोन तास मोजला, दुर्बीण जवळजवळ खाली न घेता. आकडा दुसऱ्या तुकडीने त्या काठावर जाऊन मोजलेल्या आकड्याशी जुळला.

मी घाबरत विचारलं, "ताई, डोकं?"

"कशाचं डोकं?" त्या म्हणाल्या. "आता मधी बोलू नका, शेकाटे उडून राह्यले."

पलीकडचा काठ तेव्हापासून पुन्हा ताईंकडे आहे. मी माझ्या चेकिंगच्या कागदावर तीन ओळी वाढवल्या आहेत. आडवी तार, वीतभर अंतरावरून. दोन्ही डोळे उघडे, पंधरा मिनिटं. आणि गिऱ्हाईक डोकं दुखतं म्हणालं, तर आधी ते खरं धरायचं.