किसनरावांचा तेरवीचा फोटो

शुक्रवार, १२ मे १९६१. अकोल्यात सकाळपासून ऊन कडक, वारा बंद, माठातलं पाणीसुद्धा कोमट.

उन्हाचं सांगतो ते उगाच नाही. पाणी कोमट झालं की फोटोच्या काचेवर चित्र धरून ठेवणारा मसाला दुधावरच्या सायीसारखा सुटतो, आणि मग सगळा दोष उन्हावर ढकलता येतो. पण माझं नशीब बघा! मसाला जागचा हलला नाही, पाण्यानं दगा दिला नाही. दगा दिला तो मीच. तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. हसू आलं तर हसा, मला तेव्हा आलं नव्हतं.

माझी नोकरी कापसाच्या जिनात कारकुनाची आणि नाद ट्रिक फोटोंचा. एकाच फोटोत मी आमच्या हिला दोनदा बसवलं होतं. एक चहा देते, दुसरी घेते. फोटो बघून ही म्हणाली, "एक पुरत नाही का तुमाले?" मेव्हण्याचं मुंडकं परातीत ठेवून दाखवलं, तेव्हापासून सासूबाई माझ्यासमोर यायच्या बंद झाल्या. गुरू कोणी नाही. चुकायचं, लिहून ठेवायचं, पुन्हा चुकायचं. एवढीच माझी विद्या.

तर आमच्या जिनातला काटेवाला, म्हणजे कापूस तोलणारा, वासुदेव. त्याचे वडील किसनराव हिवरखेडला वारले. मी भेटायला गेलो. वासुदेवची आई काशीबाई भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली,

"भाऊ, तुमी फोटोवाले ना? माह्याजवळ त्याइचा एकबी फोटो नाही. तेरवीले पाटावर काय ठेवू? अन् मंग जल्मभर पाहू काय?"

एकच फोटो निघाला होता. गावच्या सोसायटीच्या पंचांचा, काही वर्षांपूर्वी मीच काढलेला. सोसायटीतल्या प्रतीला वाळवी लागली होती. मूळ काच, म्हणजे निगेटिव्ह, मात्र माझ्याकडे जपून ठेवलेली.

"त्यात किसनराव कोणते?" मी वासुदेवला विचारलं.

"समोर चार खुर्च्या हायेत ना, त्याच्यात डावीकडून दुसरे."

"एकदा दाखवून घेजा," म्हातारी म्हणाली.

आता इथं माझी ऐट नडली. "काकू, काम अर्धवट असताना मी कोणाले दाखवत नाही. तेरवीले तयार फोटोच आणतो!"

घरी आलो, त्या शुक्रवारी न्हाणीघराला काळे पडदे लावले, काच काढली. फोटोत चौघांची डोकी एकमेकांना चिकटलेली. कॅमेऱ्यात मावत नव्हते म्हणून "सरका, जवळ सरका" असं मीच ओरडलो होतो. आता एक डोकं वेगळं काढायचं तर त्याच्या उजवीकडचं आड येतं. सोपा उपाय! काचेवरचा मसाला ब्लेडने खरवडला की छापताना तिथं काळं येतं. मागे काळंच हवं होतं. मसाल्याची बाजू माझ्याकडे करून काच उजेडात धरली, डावीकडून दुसरं डोकं ठेवलं आणि शेजारचं अगदी मानेपर्यंत खरवडून काढलं. किती सफाईनं, काय सांगू! केसाएवढा ठिपका उरू दिला नाही.

धड मात्र वाकडं बसलेलं. मग काळ्या चादरीपुढे मीच लग्नातला कोट घालून बसलो, हिला बटण दाबायला लावलं, आणि माझ्या धडावर ते डोकं छापलं. सांधा शोधून सापडेना. हिला दाखवला तर म्हणाली, "तुमाले या कोटात असं रुबाबदार कधी पाह्यलं नाही."

तेरवीला तो फोटो कागदात गुंडाळून एसटीनं हिवरखेडला पोचलो. वासुदेव पंगतीच्या गडबडीत. कोणीतरी फोटो हातातून घेतला, पाटावर ठेवला, हार घातला, दिवा लावला. बाया येत, पाया पडत. काशीबाई पदर डोळ्यांना लावून बसलेली.

दोन म्हातारे मागे कुजबुजले.

"किसन्या फोटोत जरा गोरा दिसते."

"मेल्यावर मानूस दिसतेच गोरा."

"अन् नाक?"

"चूप राय ना बे. अकोल्याहून आनला हाये."

एवढ्यात दारातले सगळे बाजूला सरले. नामदेवराव आले होते. किसनरावांचे शेतशेजारी, सोसायटीतले दुसरे पंच. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. माणूस गेला म्हणून पहिल्यांदाच या घराची पायरी चढले. पाटापुढे वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले.

मग हळूच म्हणाले, "अरे बाप्पा! मी कवा मेलो?"

वासुदेव हातातली बादली घेऊन धावत आला. फोटो पाहिला आणि बादली खाली ठेवली. "काका, हे तर तुमी!"

"मले माहीत हाये मी कोन हावो ते! हा कोट कोनाचा? म्या जल्मात कोट घातला नाही."

"माहा," मी म्हणालो.

"अन् आंग?"

"आंगबी माहंच."

"मंग थोबाड काहून दुसऱ्याचं लावलं राज्या? स्वतःचंच लावतं तर हार तरी योग्य जागी पडला असता!"

लोक हसले. तेरवीच्या घरात, तोंडावर उपरणं धरून हसले. माझ्या मात्र तेव्हा डोक्यात उजेड पडला. काच मसाल्याच्या बाजूनं पाहिली की उलटी दिसते, आरशासारखी. डावीकडचा उजवीकडे जातो. आणि चार खुर्च्यांत उजवीकडून दुसरा म्हणजे डावीकडच्या दुसऱ्याचा शेजारी. मी ठेवले ते नामदेवराव. मग खरवडले ते कोण?

काशीबाई हसली नव्हती. तिनं पदर बाजूला केला. "असू द्या भाऊ. चूक कोनाले होत नाही? काचेवर त्याइचं तोंड हाये ना? दुसरा काढून देजा."

मी हारातली गळलेली पाकळी उचलली.

"हाये ना भाऊ?"

"नाही काकू. म्या ते खोडलं."

"काहून?"

 

नामदेवरावांनी फोटोवरचा हार काढला, मोकळ्या पाटावर ठेवला. फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळून काखेत मारला. "हा मी नेतो. वैनी, याच्यापायी तुमी रडू नका." आणि इतकी वर्षं या घरचं पाणीही न घेतलेला तो माणूस पंगतीला बसला.

अकोल्याला आल्यावर काच पुन्हा उजेडात धरली. या वेळी काचेच्या बाजूनं. डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर मानेच्या वर काही नव्हतं. खाली धोतर, गुडघे, आणि काठीच्या मुठीवर ठेवलेले दोन हात. उरलं तेवढंच मोठं करून छापलं आणि हिवरखेडला घेऊन गेलो.

काशीबाईनं फोटो दारातल्या उजेडात नेला.  मग उजव्या हाताच्या करंगळीवर बोट ठेवलं. "बैलाच्या कासऱ्यात सापडून मोडली होती. तवापासून वाकडीच."

फोटो वासुदेवनं अकोल्याहून फ्रेम करून आणला. तो त्यांच्या पुढच्या खोलीत दाराच्या उजव्या अंगाला लागला. खाली नाव लिहिलं आहे. फोटोत दोन हात आहेत.