अंबाक्काच्या जात्याचा खुंटा

अंबाक्का गेल्याचं तिच्या नातवानं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या डब्याचा. लाज वाटली, पण आला खरा. दिवाळीनंतर मी नांदेडला तिला भेटायला गेले होते, तेव्हा आमच्या जुन्या पितळी डब्यातून शेंगदाण्याचे लाडू नेले होते. निघताना डबा मागितला तर म्हणाली, "राहू दे. घरात आत्ता काही न्हाई. रिकामा कसा देऊ? पुढच्या खेपेला ने." अंथरुणाला खिळलेली बाई पुढच्या खेपेच्या गोष्टी करते याचं मला हसू आलं. तीही हसली... आणि पुढची खेप झाली ती तिच्या तेराव्यानंतर.

आमची ओळखही त्या डब्यातूनच झालेली. मी लग्न होऊन लातूरला आले तेव्हा निजामाचा अंमल होता, तिकडे महायुद्धाची लढाई चालू होती, इकडे ज्वारीनं दगा दिलेला आणि जी पिकली ती सरकारनं लेव्ही म्हणून उचललेली. माझे यजमान सरकारी शाळेत मास्तर. निजामाविरुद्धच्या एका सभेत दिसले एवढ्यावरून त्यांना नोकरीवरून काढलं. घरात होतं नव्हतं ते सरलं. पण माझ्या सासूबाई म्हणजे ताठ कण्याच्या. उपास घरात घडला तरी चालेल, त्याची बातमी उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. म्हणून त्या मला रोज पहाटे जात्यावर बसवत. दाणा नाही, पीठ नाही, नुसतं जातं ओढायचं. गल्लीला वाटावं, मास्तरांच्या घरी दळण चाललंय. पोट रिकामं, जातं रिकामं, आणि वर सासूबाईंचा हुकूम, की ओव्या म्हण. मी म्हणायचे आणि मनातल्या मनात त्यांना शिव्याही द्यायचे.

अंबाक्का आमच्या मागच्या गल्लीत राहायची. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरची लेक, वैद्यांची बायको, रागावली की तेलुगूत बोलणारी. गावातल्या मदत मंडळाचं वाटपाचं सगळं काम तिच्याकडे होतं. मठाच्या आवारात रांग लागायची, मजूर बायका येऊन ज्वारी घेऊन जायच्या. पण मास्तर, कारकून, गावची जमीन सोडून शहरात आलेले कुणबी, अशा घरांतून कुणी त्या रांगेकडे फिरकत नसे. अब्रू सांभाळत दाराआड झुरायची ही घरं. ती शोधायची कशी? अक्का पहाटे गल्लीगल्लीतून चालायची आणि ऐकायची. पुढं तिनं मला सांगितलं, "भरलेलं जातं घोगरं बोलतंय, कुसुम. रिकामं खडखडतंय. दारात जाऊन इचारायचं कामच न्हाई."

एका सकाळी ती कमरेवर ज्वारीची पाटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, आमच्या जात्याचा खुंटा मोडलाय बघा. एवढं दळून द्याल का?" कुणी काहीतरी मागायला आलंय, देणाऱ्या आपण आहोत, या आनंदात सासूबाईंनी पाटी घेतली. मी दळायला बसले. भाजल्यासारखा तो पिठाचा वास... एक चिमूट तोंडात टाकावी असं फार वाटलं. पण सासूबाई समोर बसून होत्या. त्यांनी जात्याभोवतीचं पीठ कुंच्यानं झाडून घेतलं, सगळंच्या सगळं पितळी डब्यात भरलं आणि मला अक्काकडे पिटाळलं. दुसऱ्याचा कण घरात राहता कामा नये.

अक्कानं डबा उघडून पाहिला. आम्ही कणही मागं ठेवला नाही, हे तिच्या ध्यानात आलं असणार. मग पीठ आपल्या परातीत ओतलं, त्यातलंच निम्म्याहून जास्त परत डब्यात भरलं आणि झाकण दाबून डबा माझ्या हातात दिला. "रिकामं भांडं परत पाठवीत न्हाईत. सासूबाईला सांग, रीत हाय." आमच्या सासूबाई कलेक्टरापुढं वाकल्या नसत्या, पण रितीपुढं त्यांचं काय चालणार? त्या दिवशी आमच्या घरी भाकरी झाली. यजमान जेवताना मान वर करत नव्हते. मी त्या दिवशी ठरवलं, की या बाईची साथ सोडायची नाही.

वयानं ती माझ्याहून बरीच मोठी, पण पहिल्याच महिन्यात तिनं माझं अहोजाहो बंद केलं. आमच्यासारखी कितीतरी घरं तिनं अशी धरली होती, आणि सगळ्यांना कारण एकच, मोडलेला खुंटा. त्यातून एकदा गंमत झाली. गल्लीतल्या एका भल्या सुताराला तिची दया आली. वैद्यांनी त्याच्या पोराला बरं केलेलं. त्यानं न सांगता बाभळीचा नवा खुंटा करून आणला आणि जात्यात असा ठोकून बसवला, की हलेना. अक्कानं त्याला चहा पाजला, आशीर्वाद दिला आणि तो गेल्यावर आम्ही दोघी घाम गाळत तो खुंटा उपटत बसलो. मला हसू आवरेना, आणि ती तेलुगूत पुटपुटत होती. तो खुंटा तिनं ट्रंकेत टाकला.

खरी कसोटी पुढंच होती. मंडळाला ज्वारी पुरवणारा अडत्या आणि अध्यक्ष असलेले वकीलसाहेब यांनी बैठकीत विषय काढला. अक्काबरोबर मीही तिथं होते. घरोघर ज्वारी जाते, पीठ किती येतं याचा पत्ता नाही. तेव्हा तराजू आणा, नाहीतर सगळ्यांनी मठात रांगेत यावं, नाव पुकारून देऊ. लोकांच्या धान्याचा हिशेब मागणं काही वावगं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण अक्का घरांची नावं सांगेना. संशय तिच्यावरच यायला लागला, तेव्हा मला राहवेना. मी उठून आमचंच नाव सांगणार, तोच तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "तुझ्या घराचं नाव हितं निघायचं न्हाई." मग वकिलांकडं वळली. "तराजू आला की ही माणसं दार लावून घेतील, साहेब. मग तराजूत काय घालायचं?"

अडत्यानं ज्वारीच थांबवली.

आता सगळं मोडलं असं मला वाटलं. पुन्हा ते रिकामं जातं, पुन्हा त्या ओव्या. अक्का मात्र दुसऱ्या दिवशी झोळी घेऊन बाहेर पडली. घरटी मूठभर ज्वारी नाहीतर पीठ, जास्त नको, कमी नको, आणि घर एकही सोडायचं नाही. पहिलं दार आमचं. "आत्याबाई, पहिली मूठ तुमच्या हातची." सासूबाईंनी मूठ दिली. तिनंच परत पाठवलेल्या पिठातली, पण दिली ताठ मानेनं. गल्लीत सगळ्यांनीच दिल्यावर घेणारं घर कुठलं, हे कुणाला कळायला मार्गच उरला नाही. अशा मुठींवर आम्ही तो उन्हाळा काढला. पावसाळ्याच्या तोंडावर अडत्यानं आपणहून पोती पाठवली. तराजू पाठवला नाही.

राज्य बदललं, यजमानांना पुन्हा नोकरी मिळाली, अक्का मुलाबरोबर नांदेडला गेली. तिथंही तिनं हेच केलं, कधी पिठानं, कधी कापडानं. जातं तिनं बरोबर नेलं होतं, बिनखुंट्याचं.

तेराव्यानंतर गेले तेव्हा ते माजघराच्या कोपऱ्यात तसंच होतं. मी निघताना तिच्या सुनेनं आतून डबा आणला. मला तो हलका असेल असं वाटलं होतं. हातात घेतला तर जड. आत ज्वारी, काठोकाठ. सून म्हणाली, "अक्कांनी जायच्या आधी भरून घेतला. म्हणाल्या, कुसुमला सांग, खुंटा अजून मोडलेलाच हाय. एवढं दळून दे." मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले.

घरी येऊन ज्वारी गिरणीतून दळून आणली. आमच्या समोरच्या चाळीत एक बिऱ्हाड आहे, नवऱ्याचं काम सुटलेलं. बाई रोज हसून बोलते, पण तिच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकून बरेच दिवस झाले. काल डबा घेऊन तिच्या दारात गेले. म्हटलं, "माझा हात दुखतोय बाई, भाकरी थापवत नाही. एवढ्या करून देतेस का?"

संध्याकाळी तिनं भाकरी आणून दिल्या, मोजून सगळ्या, फडक्यात बांधून. त्यातल्या निम्म्या मी तिच्याच फडक्यात परत बांधल्या.