जिनातली लेकरांची खोली

अकोल्याला मोर्णेच्या काठी गोवर्धनचा भाजीचा मळा होता. पिकवायचं त्यानं आणि विकायचं त्याच्या बायकोनं, मनकर्णाबाईनं. कापसाचा हंगाम सुरू झाला की तिची टोपली बाजारात न जाता सरळ जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाशी उतरायची. भोंगा वाजला की कापूस निवडणाऱ्या, सरकी वेचणाऱ्या बायांचा लोंढा बाहेर पडे. बाया मेथीच्या जुड्या निवडत, आणि तोवर त्यांची लेकरं मनकर्णाबाईच्या मांडीवर असत. रडणारं पोर तिच्याकडे गेलं की निवतं, असा तिचा लौकिकच होऊन बसला होता.

त्या साली कारखाने तपासणारा नागपूरचा सरकारी साहेब जिन पाहायला आला. सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, घरघरणाऱ्या रेच्यांच्या ओळीत, उडणाऱ्या रुईच्या धुरळ्यात, आयांच्या पायांशी निजलेली लेकरं पाहून तो तापला. बाया कामाला लावता, तर पोरांसाठी वेगळी खोली करा, असं बजावून गेला. मुकादम खुशालरावांनी गोदामालगतची खोली झाडून घेतली, वाशांना झोळ्या टांगल्या आणि फाटकाशी येऊन म्हणाले, "मनकर्णाबाई, टोपलं ठेवा आता घरी. आमचे पोट्टे सांभाळान का?"

"सांभाळतो. पन माह्या रीतीनं."

"कोनत्याई रीतीनं सांभाळा. गोंधळ नको, मंजे झालं."

खोली सुरू झाली आणि गोंधळ झालाच नाही. भोंग्याबरोबर बाया लेकरं आणून टाकत आणि लेकरं दुपारपर्यंत हूं की चूं करत नसत. खुशालराव दारातून डोकावत आणि खूश होऊन जात. मनकर्णाबाईलाही पहिले काही दिवस बरंच वाटलं. आपल्या हाताला गुण आहे, असं तिनं गोवर्धनला सांगितलंसुद्धा.

मग तिला ती शांतता खटकायला लागली. शकुन नावाची एक तरुण बाई होती, रेच्यावर कामाला. तिची कौशल्या नुकती धरून धरून उभी राहायच्या वयाची. पण ती पोर उभी राहत नव्हती, की हात पुढे करत नव्हती. मनकर्णाबाईनं झेंडूचं फूल तिच्या तोंडापुढे नाचवलं, तिनं पाहिलं नाही. पापणीवर माशी बसली, तरी तिनं डोळा मिटला नाही. मनकर्णाबाईनं आपली चार वाढवली होती, दिराची दोन वाढवली होती. भरल्या पोटी निजलेलं लेकरू कसं दिसतं, हे तिला ठाऊक होतं. हे तसं नव्हतं.

एका दुपारी तिनं कौशल्येला दूध पाजायला उचललं तर मान लोंबत होती आणि ओठ काळेनिळे पडले होते. श्वास चालला होता, पण इतका मंद की छातीला कान लावावा लागला. दुसऱ्या बाईला खोलीत बसवून मनकर्णाबाई पोर पदराखाली घेऊन धावत सुटली. दवाखाना फार लांब नव्हता. तिथल्या नर्स माणिकबाईंनी पोरीचे डोळे उघडून पाहिले.

"अफू," त्या म्हणाल्या. "बाहुल्या बघा कशा टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. कोणी दिली?"

मनकर्णाबाईला उत्तर माहीत होतं, आणि ते आपल्याला आधी कसं सुचलं नाही याची लाजही वाटली. मेथीच्या जुडीसाठी पुढे येणारे हात तिला आठवले. कितीतरी बायांच्या नखाच्या कडेला काळा मळ असे. तो मळ नव्हता, लेकरांना चाटवायची अफू होती.

दिवेलागणीपर्यंत डॉक्टर आणि माणिकबाई पोरीसाठी झगडत राहिले. तोंडावर गार पाणी, तळव्यांना टिचक्या, डोळे मिटले की पुन्हा हाका. डुलकी लागू द्यायची नाही, एवढंच मनकर्णाबाईला सांगितलं होतं आणि तिनं ती लागू दिली नाही. शेवटी कौशल्या रडली. सुरुवातीला मांजराच्या पिलासारखी, मग घसा फोडून.

शकुन कामावरून धावत आली, ती दाराशीच बसली. मनकर्णाबाई तिच्याजवळ गेली, पण रागावली नाही.

"काहून देत होती वं?"

"रडली तर मुकादम घरी धाडते मले, मावशी," शकुन म्हणाली. "सगळ्याच देतात. माही सासू द्यायची, तिची सासू द्यायची. म्या आज जरा जास्त देल्ली असन."

घरी परतताना वाटेत मनकर्णाबाईचा विचार पक्का झाला. आयांना दोष देऊन काही होणार नव्हतं. अफू बंद करायची तर ती ज्या कारणानं दिली जाते ते कारण आधी उचलायला हवं. सकाळी भोंग्याच्या आधी ती खुशालरावांपुढे उभी राहिली.

"अफू खाल्लेलं लेकरू म्या खोलीत घेनार नाई. पन बायांले दिवसातून दोनदा पाजाले सोडा. आळीपाळीनं."

"रेचा कोन पाहीन?"

"शेजारची पाहीन. तेवढ्या वेळानं कापूस सडत नाई, खुशालराव. काल ते पोट्टी मेली असती, तर नागपूरच्या सायबाले तुमी काय सांगतलं असतं?"

खुशालरावांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. "होळीपावतर पाहू," ते म्हणाले.

माणिकबाईंनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली, जी तिला एकटीला उमगली नसती. अफू एकदम तोडली तर लेकरू आजारी पडतं. म्हणून त्या स्वतः जिनात आल्या, एकेक पोर तपासलं आणि कोणाची मात्रा कशी उतरवत न्यायची ते आयांना समजावून गेल्या.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. खोलीत जो आकांत उठला तो रेच्यांच्या घरघरीतही ऐकू येई. लेकरांना घाम सुटे, जुलाब होत, कुशीत घेतलं तरी ती ताठ होत. पार्बताबाई नावाच्या बाईनं तर "माहं लेकरू तुमच्या इथं सुकून राह्यलं" म्हणत पोर उचललं, काम सोडलं आणि पुन्हा कधी आली नाही. त्या पोराचं काय झालं असेल, हा विचार मनकर्णाबाईला नंतरही छळत राहिला. पण ती डगमगली नाही. हे रडणं चांगल्यासाठी आहे, याची तिला खात्री होती.

एकटीनं भागेना, तेव्हा तिनं सुभद्रा नावाची एक मुलगी मदतीला मागून घेतली. सुभद्रेचा जीव रडण्यानं घाबरा होई. कुठलंही पोर रडलं की ती झोळी जोरजोरानं हलवी.

"थांब," मनकर्णाबाई म्हणाली. "आंधी आयक. भूक लागली तर थांबून थांबून रडते. पोट दुखलं तर गुडघे वर घेते. झोपीचं रडनं कुरकुरं असते, आन भेवाचं एकदम फुटते. सगळ्याले एकच औषध कसं चालन?"

हळूहळू तिची रीत ठरत गेली. आईनं पोर निजवून गुपचूप सटकायचं नाही. त्याच्या डोळ्यांदेखत "येतो बरं" म्हणायचं आणि मगच जायचं. रडलं तरी चालेल, पण फसलो असं त्याला वाटता कामा नये. नव्या पोराच्या झोळीत आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घालायचा. पहिले काही दिवस त्याला एकीनंच घ्यायचं, हात बदलायचा नाही. उचलण्याआधी समोर बसून सांगायचं, पाठीमागून झडप घालायची नाही. चावणाऱ्या पोराला मारायचं नाही. कोणाला, केव्हा चावतो ते पाहायचं. एक पोरगं फक्त भुकेच्या वेळी चावे. त्याला आधी भाकरीचा कुटका दिला की त्याचे दात भाकरीत रमत.

कौशल्या होळीच्या सुमाराला भिंत धरून चालू लागली. खुशालराव दाराशी आले तेव्हा ती त्यांच्या धोतराला लोंबकळली. त्यांनी तिला सोडवलं नाही, तसेच उभे राहिले. होळी उलटली तरी पाजण्याची सुट्टी बंद करण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

दोन-तीन हंगामांनी अमरावतीच्या एका जिनातून माणिकबाईंकडे विचारणा झाली, आणि त्यांनी मनकर्णाबाईचं नाव सांगितलं. तिनं अकोल्याची खोली सुभद्रेच्या हवाली केली. सुभद्रा म्हणाली, "मले जमन का जी?"

"काल तीन पोट्टे रडत होते. तू एकालेच उचललं. काहून?"

"बाकीचे दोघं झोपीले आले होते."

"मंग जमते तुले," मनकर्णाबाई म्हणाली.

अमरावतीच्या खोलीत पहिल्या सकाळी एक बाई आली. लेकरू तिच्या गळ्याला घट्ट चिकटलेलं आणि भोंगा वाजायला आलेला. बाई ते ओढून काढू पाहत होती. मनकर्णाबाई त्यांच्यासमोर खाली बसली, हात मांडीवरच ठेवले.

"ओढू नको," ती म्हणाली. "बस जराशीक. मुकादमाले मी सांगतो. लेकराले माह्याकडे पाहू दे आंधी."