अध्यक्षांनी मनात आणलं की

आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष मोटरसायकलवर नंबरापेक्षा मोठ्या लाल अक्षरांत 'अध्यक्ष' असं लिहून फिरतात. ग्रामसभेत त्यांची निवड झाली तेव्हा दुसरं कोणी उभंच नव्हतं. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, सभेला यायला फुरसत कुणाला? या पदाला पगार नाही आणि खुर्चीही नाही. खुर्ची त्यांनी स्वतः वाशीमहून आणली, गोल फिरणारी. मी त्याच समितीची सदस्य. मी अंगणवाडी सेविका. समितीत बाईमाणूस लागतंच म्हणून माझं नाव घातलं आणि मी नको म्हणायच्या आत टाळ्या वाजल्या.

समितीचं काम तसं चांगलं. शेताच्या धुऱ्याबांधाची भांडणं, भावाभावांचे वाद, नवरा-बायकोचे रुसवे पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत, गावातच मिटवायचे. घरातली नाजूक गोष्ट असली की ग्रामपंचायतीच्या खोलीचं दार लावतात, मध्ये ताटात बेलाची पानं आणि भंडारा ठेवतात, आणि आतल्या प्रत्येकानं त्यावर हात ठेवून म्हणायचं असतं, 'इथलं इथंच राहील.' बेलभंडारा उचलून शब्द मोडणारा माणूस आमच्या गावात अजून निपजला नाही, असं जुनी माणसं सांगत. मग अध्यक्ष निपजले.

आमच्याच गल्लीत एक तरुण सून होती. नवरा अपघातात गेला, पदरात चार वर्षांची पोर. तिला रिठदकडच्या एका बिजवराचं स्थळ आलं. माणूस बरा होता, पोरीसकट करून घ्यायला तयार होता. अडचण एकच, सासरा. नात म्हणजे त्याच्या गेलेल्या पोराची शेवटची निशाणी. तो पोर देईल की नाही, एवढाच प्रश्न होता. तिनं मला सांगितलं आणि मी ते समितीपुढे नेलं.

दार लावलं, ताट फिरलं. म्हाताऱ्या सासऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "ने. लेकरू मायशिवाय राह्यत नाई, एवढं मले बी समजते. फक्त माहे भाऊ ऊसतोडीले गेले हायेत, त्याइले वापस येऊ द्या. हे त्याइले मी सांगीन, माह्या तोंडानं. तवरोक कोणी बोलू नका." सून रडली, मी रडले. अध्यक्षांनीही रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेडशीच्या रस्त्यावर आमच्या फाट्यावरच्या हॉटेलात अध्यक्षांनी आलूबोंडा खाता खाता हा सगळा न्यायनिवाडा रंगवून सांगितला. आपण म्हाताऱ्याला कसं वळवलं, हे सांगितल्याशिवाय त्यांचा चहा गोड होईना. थोड्या वेळानं म्हातारा एसटीसाठी तिथं आला, तर एकानं विचारलं, "काय आजा, सुनेचं कन्यादान तुमीच करून राह्यले म्हणते?" हॉटेल हसलं. मोबाइलवरून ती बातमी उसाच्या फडात भावांपर्यंत म्हाताऱ्याच्या आधी पोचली. त्यांनी फोनवरच त्याची लाज काढली. म्हातारा घरी आला आणि सुनेला म्हणाला, "तुले जायचं तं जाय. पोरगी कुठंच जानार नाई."

मी तडक अध्यक्षांकडे गेले. ते खुर्चीत होते.

"तुमी शपथ घेतली होती ना?" मी विचारलं.

"बाई, शपथ तुमी घेतली. म्या दिली. देणारा घेते काय कधी?"

आणि खरंच, मला आठवलं, ताट धरून सगळ्यांपुढे फिरत होते तेच. दोन्ही हात ताटाला, मग बेलावर हात ठेवणार कोण? माणूस बेरकी, हे मला मान्यच करावं लागलं. वर त्यांनी मोबाइल काढून परदेशातल्या बातम्यांचा एक व्हिडिओ लावला. "हे पाहा. केवढा मोठा देश! तिथले एक माजी अध्यक्ष म्हणतात, अध्यक्षानं नुसतं मनात आणलं ना, की गुपित कागद उघडा होते. कोणाले पुसायचं कामच नाई. म्या तं मनात आणून वर तोंडानं बोललो बी. म्हणजे त्याइच्यापेक्षा जास्त नियमात हाय मी."

व्हिडिओ त्यांनी अर्धाच पाहिला होता. मी पुढचा लावला. त्यात टाय घातलेला एक वकील सांगत होता, की अध्यक्षाचा अधिकार मोठा खरा, पण त्यालाही रीत असते, ज्यांचं काम असतं त्यांना कळवावं लागतं. आणि काही गुपितं अशी, म्हणजे अणुबॉम्बची वगैरे, की ती कायद्यानंच कुलूपबंद केलेली, अध्यक्षाच्या एकट्याच्या मनानं उघडत नाहीत.

"आपल्या गावात कुठं अणुबॉम्ब हाय?" अध्यक्ष म्हणाले.

"हाय. चार वर्षांचा. माह्या अंगणवाडीत बसते."

त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. फिरत्या खुर्चीचा उपयोग तेव्हा मला कळला.

पुढच्याच आठवड्यात त्यांची स्वतःची आई काठी टेकत माझ्याकडे आली. "मले समितीपुढं बोलायचं हाय. लेकाविरुद्ध." आता लेकाचा न्याय लेक कसा करणार? पोलीस पाटील म्हणाले, तेवढ्यापुरतं बाईंनी अध्यक्ष व्हावं. मी त्या खुर्चीत बसले. माझे पाय जमिनीला पोचत नव्हते, पण मजा येत होती.

ताट अध्यक्षांनी स्वतः मांडलं. बेल नेहमीपेक्षा दुप्पट. आणि ते सगळ्यात आधी माझ्यापुढे आणलं. "बाई, पयले तुमी."

मी म्हटलं, "अध्यक्ष शपथ देते, घेत नाई. आज अध्यक्ष मी."

त्यांनी ताट आणखी जवळ आणलं. "बाई, घरची गोष्ट हाय हो," ते म्हणाले. त्यांचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण गुपित त्यांचं नव्हतं, म्हातारीचं होतं. मी ताट खाली ठेवायला लावलं, त्यावर माझा हात ठेवला आणि त्यांचाही ठेवायला लावला.

म्हातारीचं एवढ्यानं समाधान झालं नाही. "त्यानं हात ठेवू दे की डोकं ठेवू दे, त्याले बाहेर काढा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाई. म्या वाढवला त्याले." अध्यक्ष दाराबाहेर उभे राहिले. आत ती काय बोलली ते मी लिहिणार नाही, वाचणाऱ्यानं कितीही मनात आणलं तरी. बाहेर आल्यावर लेकाला मात्र ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आता त्या म्हाताऱ्याच्या घरी जाय. पाय धर त्याचे."

ते गेले, मोटरसायकल घरी ठेवून. मीही बरोबर होते. म्हातारा अंगणात तूर झोडपत होता. अध्यक्षांनी माफी मागितली. म्हाताऱ्यानं काठी थांबवली.

"तुही माफी घेऊन मी काय करू? भावाइले मले माह्या तोंडानं सांगायचं होतं. त्याइनं तुह्या तोंडचं ऐकलं. तेवढं वापस आणून दे, अन् पोरगी घेऊन जाय."

अध्यक्षांनी वाकून त्याचे पाय धरले. गुपित उघडायचा अधिकार त्यांना होता की नव्हता, यावर वकिलांनी खुशाल भांडावं. उघडं केलेलं पुन्हा झाकायचा अधिकार मात्र कुणाच्याच बापाला नसतो. मला तिथं उभ्या उभ्या अध्यक्षांचा राग आला आणि रडूही आलं.

लग्न झालं. सून रिठदकडे गेली, पोर इथं राहिली. बाजाराच्या दिवशी ती फाट्यावर एसटीतून उतरते आणि अंगणवाडीच्या मागच्या खोलीत पोरीला मांडीवर घेऊन बसते. मी कुणाची परवानगी घेतलेली नाही. आजोबाला सांगायचं नाही, एवढंच तिनं पोरीला बजावलंय. तिला उतरताना अख्खा फाटा पाहतो, पण म्हाताऱ्याच्या कानावर कुणी घालत नाही. हे लिहू का, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "लिहा बाई. सासऱ्याच्या घरी कोणाले ठाऊक नाई असं काय उरलं हाय?"

ते मलाही दिसतं. एरवी केस पिंजारलेली येणारी ती पोर बाजाराच्या दिवशी तेल लावून, नवी रिबीन बांधून येते, आणि त्या घरात वेणी घालणारं आजोबाशिवाय दुसरं कुणी नाही. संध्याकाळी तो ओट्यावर बसून तिला विचारतो, "आज अंगणवाडीत काय झालं?"

"काई नाई. खिचडी होती."

"बरं," आजोबा म्हणतो.