रुमालानं धरलेली जागा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे निम्मे अनुभव मी हसत वाचलेत, हे आधीच कबूल करते. आमच्या घोटावड्याच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.कॉम. असल्या गोष्टींना कधी जुमानलं नाही, आजही नाही. पटलं नाही तर सोडून द्या, पण मला भास झाला असं मात्र म्हणू नका... कारण बघितलं ते मी नाही, भरलेल्या एसटीनं.

२००७ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच झालेली. मला आणि वडिलांना, अण्णांना, जंगलं बघायचा नाद. चांदोलीचं राष्ट्रीय उद्यानसुद्धा आम्ही एसटीनं आणि पायी बघितलंय. जमीन विकून गाडी घेतलेला चुलतभाऊ दात काढायचा, "शिकून बी एष्टीलाच लोंबकळतीया! जंगल बघाया गाडी लागती."

"वाघ काय पार्किंग बघून भाईर येतो का रं?" मी विचारायचे.

त्या रविवारी लांब नको म्हणून आमच्याच मुळशीत, ताम्हिणीच्या जंगलात गेलो. दुपारी परत रस्त्याकडे उतरताना अण्णांचा पाय निसटला आणि दगडावर पोटरी फाटली. रक्त थांबेना. पिशवीतला रुमाल करकचून बांधला. आईनं भरलेला, कोपऱ्यात मोर, मोराचा एक पाय अर्धवटच राहिलेला. कसंबसं रस्त्याकडेला आणलं, दोन्ही हातांनी पोटरी दाबून बसले आणि येणाऱ्या गाड्यांना ओरडत राहिले. एक थांबली. काच खाली झाली, आतल्या बाईनं रक्त बघितलं... काच वर.

"सुमे, झोप येतीया गं."

"डोळं मिटायचं न्हाई, अण्णा!"

तेवढ्यात कोलाडकडून एसटी आली. मी हात केला नव्हता, हात मोकळेच नव्हते. तरी बरोबर आमच्यापुढं थांबली. कंडक्टर धावत उतरला, "ह्येच का वडील?" दोघांनी उचलून आत घेतलं. दारापर्यंत माणसं उभी, आणि मधलं एक बाक अख्खं रिकामं. त्यावर रुमाल. कोपऱ्यात मोर. पाय अर्धवट.

"ही जागा कुणाची?"

"तुमीच धरलीया की, ताई! मागच्या वळणावर चढलात अन् रुमाल टाकलात."

शेजारी उभे आजोबा फणकारले, "मी टेकाया गेलो तर केवढ्यांदा वराडलीस! वडलांना न्यायचंय, उठा म्हणं."

"मास्तर, मी हितनं हललीच न्हाई."

"आत्ता माझ्याम्होरं दारातनं उतरलात न्हवं?"

मी अण्णांच्या पोटरीकडे बघितलं. तिथला रुमाल रक्तानं चिंब. बाकावरचा कोरडा.

पौडच्या दवाखान्यात टाके पडले. आणखी उशीर झाला असता तर माणूस गेला असता, असं डॉक्टर स्वच्छ बोलले. घरी आईनं दोन्ही रुमाल उलटेपालटे करून बघितले. "म्या तर योकच भरला व्हता..." मग म्हणाली, नारळ फोड. नाही फोडला. कुणापुढं फोडू? म्हाताऱ्या माणसावर ओरडून जागा धरणारी बाई मला तरी माझ्यासारखीच वाटते.

उलगडा आजही नाही. चुलतभाऊ म्हणतो, गाडी असती तर ही वेळच आली नसती. गाड्या होत्या की! थांबल्या नाहीत. जे कोण आलं ते एसटीनं आलं, आणि आमची जागा धरून आलं.